न्यायमूर्ती तेलंग: पोथी आणि वहिवाट

तापीकाठचे कामरेज आज सुरत जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकात ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होते. कामरेजकराचा वारसाहक्काचा तंटा बडोद्याच्या न्यायाधीशांपुढे जाई; काही कोसांवरच्या, इंग्रजी अमलातल्या सुरतेचा तंटा मात्र अपिलात मुंबईच्या हायकोर्टात येई. तिथे आधी ठरवावे लागे, की ग्रंथ कोणता लावायचा? गुजरातेत नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ वरचढ, देशावर ‘मिताक्षरा’. मयूखात भावाच्या वारसांच्या क्रमात बहिणीला आजीच्या लगोलग जागा आहे. एका संस्कृत वाक्याच्या अर्थावर एखाद्या बाईचे घर राही किंवा जाई.

ते वाक्य मुळातून वाचू शकणारे वकील त्या कोर्टात थोडेच होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांतले एक.

जन्म मुंबईचा, 30 ऑगस्ट 1850 चा. अमरचंदवाडीच्या मराठी शाळेतून ते एल्फिन्स्टन हायस्कुलात आणि पुढे कॉलेजात गेले, एम. ए., एलएल. बी. झाले. हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचा दबदबा होता. विलायतेला न जाता तिथे उभे राहायचे, तर हायकोर्टाची अवघड परीक्षा द्यावी लागे. बाळ मंगेश वागळे या वाटेने आधी गेले होते. त्यांच्या मागोमाग तेलंग 1872 मध्ये अ‍ॅडव्होकेट झाले, तेव्हा ते बाविशीत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी वेबर या जर्मन पंडिताला उत्तर लिहिले: रामायण होमरवरून उचललेले नाही. भगवद्गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर 1882 मध्ये मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत निघाले. अशिलांची कामे सांभाळून त्यांनी हे सारे केले, याचे आजही नवल वाटते.

1884 मध्ये सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले. निवडणूक नव्हतीच. 1861 च्या कायद्याने अशा कौन्सिलांना समोर आलेल्या विधेयकापुरतेच बोलू दिले होते. सरकारला प्रश्न विचारण्याची सोयही नव्हती. तरी मुंबई महापालिकेचे विधेयक आले, तेव्हा तेलंग आणि फिरोजशहा मेहता यांनी लोकप्रतिनिधींचे अधिकार शाबूत राहावेत म्हणून त्यावर कसून मेहनत घेतली. त्यातून झालेला 1888 चा कायदा पुष्कळ दुरुस्त्यांसह मुंबईला आजही लागू आहे. मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर 1885 च्या जानेवारीत तेलंगांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली होती. त्याच डिसेंबरात काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही ते होते.

याच वर्षांत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याघरी नांदायला नकार दिला. तिच्या बाजूच्या वकिलांत तेलंग होते. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या: नवऱ्याचे घर किंवा सहा महिन्यांची कैद. अखेर प्रकरण तडजोडीने मिटले.

1889 मध्ये तेलंग न्यायासनावर बसले. त्यांचा विचार सर्वांत लख्ख दिसतो तो अप्पाजी कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र कुलकर्णी या खटल्यात. बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात राहतो. त्याच्या संमतीविना मुलगा वाटणी मागू शकतो का? पूर्णपीठातील बहुमत म्हणाले, नाही. तेलंगांनी वेगळा निकाल लिहिला: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनचा आहे, मग तो मागण्याचा अधिकार का अडवायचा? मुंबईत त्यांचे मत हरले, पण पुढे मद्रासच्या हायकोर्टाने तसाच अर्थ लावला. जुनी वचने वाचताना समाज आज कसा वागतो, हेही न्यायाधीशाने पाहावे, असे तेलंगांना वाटे. संस्कृतावर एवढी हुकमत असलेल्या माणसाने पोथीपलीकडे पाहावे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

घरात मात्र वहिवाट त्यांना भारी पडली. 1893 मध्ये त्यांनी आपल्या लहानग्या मुलीचे लग्न लावून दिले. सुधारकांना ते फार लागले, आणि लागणे रास्त होते. रखमाबाईंच्या वकिलाकडून ही अपेक्षा कोणालाच नव्हती. समाजसुधारणा कमीत कमी विरोधाच्या वाटेने न्यावी, असे ते 1886 च्या व्याख्यानात म्हणाले होते. त्या वाटेची किंमत त्यांच्याच लेकीने मोजली. हे डाग म्हणून झाकण्यापेक्षा त्यांच्या चरित्रात ठळकपणे असावे.

मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू ते 1892 मध्ये झाले. 1 सप्टेंबर 1893 रोजी, त्रेचाळीस वर्षांचे असताना, ते गेले. हायकोर्टातील त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ 1900 मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या शेवटी तेलंगांचा एक निबंध जोडलेला होता. बखरी चाळून मराठी राज्यकर्ते धर्म आणि जातींचे तंटे प्रत्यक्षात कसे सोडवीत, हे त्यात त्यांनी शोधले आहे.