कचऱ्याच्या डब्यावरची वीट

टास्मान समुद्र ओलांडला की पॉसमची जात बदलत नाही, पण नशीब पालटतं. मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा, रात्री छपरावर धपधप करत फिरणारा ब्रशटेल पॉसम मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मेलबर्नमध्ये तो घराच्या माळ्यावर शिरला तरी मारता येत नाही. पिंजऱ्यात धरायलाही नियम आहेत, आणि धरला तर त्याच जागेपासून ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. हाच प्राणी एकोणिसाव्या शतकात फरच्या धंद्यासाठी न्यूझीलंडला नेला गेला. तिथं त्याला खाणारं कुणी नव्हतं आणि तिथल्या झाडांना असल्या पानखाऊ प्राण्याची सवय नव्हती. त्यानं जंगलं ओरबाडली, पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली. आज २०५० पर्यंत ज्या प्राण्यांपासून देश मुक्त करायचा न्यूझीलंडचा संकल्प आहे, त्यांत उंदीर आणि स्टोट नावाचा लहानसा शिकारी प्राणी यांच्या जोडीला पॉसमचं नाव आहे. नोकरीनिमित्त दोन वर्षं मेलबर्नला आणि पुढची दोन ऑकलंडला काढणाऱ्या माणसाला ‘पॉसम कसा प्राणी आहे?’ असं विचारलं, तर त्याला ‘कुठला?’ असाच उलट प्रश्न करावा लागेल. परदेशी मुक्कामात रोज भेटणाऱ्या प्राण्यांबद्दलचा या लेखाचा मुद्दा हाच आहे. माणसाची आणि प्राण्याची गाठ कशी पडेल, हे प्राण्याच्या स्वभावावर ठरतंच; पण त्याहून जास्त ते तिथल्या माणसांनी काय मांडून ठेवलंय यावर ठरतं. त्यांचा कचरा, त्यांची हिरवळ, त्यांचे कायदे, त्यांचे दवाखाने, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बोटीतून काय आणलं, हे सगळं त्या मांडणीत येतं.

आधी भीतीचं बघू. सिडनी किंवा मेलबर्नला शिकायला निघालेल्या मुलामुलींना घरून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘तिकडे साप आणि कोळी फार विषारी असतात, बूट झटकून घालत जा.’ सल्ला चुकीचा नाही. प्रयोगशाळेत उंदरांवर मोजलेल्या विषाच्या तीव्रतेत ऑस्ट्रेलियाच्या इनलँड तैपान सापाचा पहिला नंबर लागतो. पण ऑस्ट्रेलियात सर्पदंशानं वर्षाला साधारण दोन-तीन माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत अंदाजे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. लोकसंख्येच्या प्रमाणात तोललं तरी हा फरक शेकडो पटींचा आहे. इथं एक आक्षेप रास्त आहे: ऑस्ट्रेलियातल्या ईस्टर्न ब्राउन सापाचे दात आखूड असतात, त्याच्या पुष्कळ दंशांत विष उतरतच नाही, तेव्हा थोडं श्रेय सापालाही द्यायला हवं. ते द्यावंच. पण एवढी मोठी दरी दातांच्या लांबीनं भरत नाही. आपल्याकडे साप चावतो तो भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्याला, अंधारात बांधावरून चालणाऱ्याला, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला. आणि तिथून प्रतिविष मिळेल असं रुग्णालय कोसभर लांब असतं. ऑस्ट्रेलियातली बहुतेक वस्ती किनाऱ्यालगतच्या शहरांत आहे, पायात बूट आहेत, दंश झाल्यावर अवयव घट्ट पट्टीनं बांधून हालचाल थांबवायची हे लोकांना ठाऊक आहे. सिडनीच्या कुप्रसिद्ध फनेल-वेब कोळ्यानं पूर्वी तेरा बळी घेतल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये त्यावरचं प्रतिविष आल्यापासून एकही बळी गेलेला नाही, आणि कोळी मात्र आहे तिथंच आहे. अशाच गोष्टीचा दाखला आपल्या कोकणात आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा रुग्णालयात येणाऱ्या गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास उतरलं. विंचवाची नांगी तेवढीच जहाल राहिली.

उलट, जिथं आपण निर्धास्त असतो तिथं तिकडे जपावं लागतं. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रं आठवतं. ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांत रेबीज नाही, कारण बाहेरून येणाऱ्या जनावरांवर तिथं कडक विलगीकरणाचा पहारा आहे. पण १९९६ मध्ये तिथल्या वटवाघळांत रेबीजचा सख्खा भाऊ शोभेल असा लायसाव्हायरस सापडला आणि त्यानं आजवर चार माणसं गेली. ही वटवाघळं शहरांत हजारोंच्या संख्येनं झाडांना लटकलेली असतात. कडक उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की ती झाडाखाली पडतात. अशा वेळी कनवाळू माणसाचा हात पाण्याची वाटी घेऊन आपसूक पुढे होतो. तिथं तो मागे घ्यायचा असतो. लस घेतलेल्या, शिकवलेल्या स्वयंसेवकांना बोलवायचं, स्वतः शिवायचं नाही, असा तिथला दंडक आहे. कोणाला घाबरावं आणि कोणाजवळ जावं याचं घरून नेलेलं शहाणपण इथं अपुरं पडतं, कारण ते दुसऱ्या मांडणीत तयार झालेलं असतं.

आता कचऱ्याकडे वळू. सिडनीच्या उपनगरांत ठरलेल्या दिवशी लाल झाकणाचे, चाकांचे कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ओळीनं उभे केले जातात. पिवळ्या तुऱ्याचा पांढराशुभ्र काकाकुवा डब्याच्या कडेवर उतरतो, झाकणाच्या फटीत चोच घालून ते थोडं उचलतो, चोचीत किंवा पायानं पेलून धरतो, मग कडेवरून एकेक पाऊल टाकत बिजागरीकडे सरकतो. झाकण तिरपं होत जातं आणि शेवटी मागे उलटतं. बार्बरा क्लम्प, लुसी अ‍ॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की २०१८ पूर्वी ही करामत फक्त तीन उपनगरांतून कळवली गेली होती, आणि २०१९ च्या अखेरीस ती ४४ उपनगरांत पोचली. ती कुठंही एकदम उगवली नव्हती. आधी शेजारच्या वस्तीत, मग तिच्या शेजारच्या, अशी सरकत गेली. आणि लांबच्या वस्त्यांतली उघडण्याची ढब थोडी निराळी होती. म्हणजे पक्षी हे एकमेकांचं पाहून शिकत होते. खूण केलेल्या पक्ष्यांपैकी दहातला एखादाच डबा उघडू शके, बाकीचे उघडण्याची वाट बघत. या कौशल्याला आपण काकाकुव्याची बुद्धी म्हणू, आणि ती आहेच. पण हे झाकण सुटंच का असतं? कारण कचऱ्याच्या गाडीचा यांत्रिक हात डबा उचलून पालथा करतो, तेव्हा ते आपोआप उघडावं लागतं. त्याला कडी घातली तर कचरा आत राहील. माणसाच्या यंत्राची ती गरज होती, पक्ष्यानं तिच्यात फट शोधली.

तीच गत शराटीची. वाकड्या लांब चोचीचा आपला पांढरा शराटी दलदलीत, भातशेतीत चिखल टोचत फिरतो. त्याचा ऑस्ट्रेलियातला जवळचा भाऊबंद सिडनीकरांच्या बोलीत ‘बिन चिकन’, म्हणजे कचराकुंडीतली कोंबडी, म्हणून हिणवला जातो. बागेत डबा खाणाऱ्याच्या हातातलं सँडविच लांबवतो. या दोघांना पूर्वी पुष्कळ पक्षितज्ज्ञ एकाच जातीचे मानत, इतके ते सारखे. ऑस्ट्रेलियन शराटीही मुळात देशाच्या आतल्या पाणथळींचाच. नद्यांचं पाणी शेतीकडे वळलं, त्यात दुष्काळ पडले, मॅक्वेरी पाणथळीसारखी त्याची वीण घालण्याची ठिकाणं आटली, आणि १९७० च्या दशकापासून तो किनाऱ्यावरच्या शहरांत आला. त्याला घाणेरडा म्हणणाऱ्याला सिडनीतला पक्षी दिसतो, चारशे-पाचशे किलोमीटर आत सुकलेली दलदल दिसत नाही.

एवढं वाचल्यावर कुणी म्हणेल, सगळंच माणसाच्या माथी मारू नका; प्राण्याला उपजत वृत्ती असते की नाही? या आक्षेपाला ऑस्ट्रेलियन मॅगपायचं उदाहरण सगळ्यात भक्कम. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हा काळा-पांढरा पक्षी मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना आहेत. सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या खोचून साळिंदराचं रूप घेतात. हे पिल्लांच्या रक्षणासाठीचं उपजत वागणं आहे, हे मान्यच. मात्र ब्रिस्बेनमध्ये डॅरिल जोन्स यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासानं ही उपजत वृत्तीही किती निवडक असते ते दाखवलं. हल्ला करतात ते बहुतेक नरच, आणि तेही दहातला एखादा, अंडी-पिल्लांच्या सहाएक आठवड्यांपुरते. त्यांतही कुणी फक्त चालणाऱ्यांवर झेपावतो, कुणी फक्त सायकलवाल्यांवर, कुणी निव्वळ पोस्टमनवर. मॅगपाय एकाच जागेत वर्षानुवर्षं राहतात आणि चेहरे लक्षात ठेवतात. हल्लेखोर नर दूर नेऊन सोडला, तर दुसरा नर येऊन त्या घरट्यातल्या पिल्लांना भरवू लागतो आणि तो बहुधा झडप घालत नाही, हेही याच अभ्यासातून पुढं आलं. मग ती झडप ‘मॅगपायच्या जातीची’ म्हणायची, की त्या एका नराच्या आणि त्या रस्त्याच्या आजवरच्या संबंधांची? शिवाय हा पक्षी माणसांत इतका का, हेही पाहावं. त्याला कापलेल्या गवताखालच्या अळ्या हव्यात आणि घरट्यासाठी उंच झाड. शहरानं निलगिरीच्या रांगेखाली हिरवळ पसरून दोन्ही एका ठिकाणी दिलं, आणि मधून पायवाट काढली.

दुसरा आक्षेप देशी-परदेशीचा. स्थानिक प्राणी भले, बाहेरचे उपद्रवी, एवढं सोपं सूत्र पुरेसं नाही का? या सूत्राला पहिली अडचण आपल्याच साळुंकीची येते. साळुंकीचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्रिडोथेरस ट्रिस्टिस; पहिल्या शब्दाचा अर्थ ‘टोळांची शिकार करणारा’. या ख्यातीवरच तिला १८६२ मध्ये मेलबर्नच्या भाजीमळ्यांतली कीड खायला भारतातून नेलं गेलं, पुढं क्वीन्सलँडच्या उसातही सोडलं. किडीचं फार काही झालं नाही. साळुंकी मात्र छपरांच्या सांध्यांत आणि झाडांच्या ढोलीत घुसली. कॅनबेरातल्या अभ्यासात ती वाढली तशी ढोलीत घरटी करणाऱ्या काही स्थानिक पक्ष्यांची संख्या घटल्याचं दिसलं, आणि जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव गेलं. मुंबई-पुण्याहून गेलेल्याला खिडकीत ओळखीची शीळ ऐकून बरं वाटतं, आणि शेजारी तिच्यासाठी सापळा लावतो. पण त्याच अंगणात नॉयझी मायनर नावाचा अस्सल ऑस्ट्रेलियन पक्षी असतो. इंग्रजी नावांच्या सारखेपणामुळे आणि डोळ्यांच्या पिवळ्या कडांमुळे लोक त्याची साळुंकीशी गल्लत करतात. जंगलं विरळ झाली, कडा वाढल्या, बागांत मधाळ फुलांची झुडपं आली, तसे या पक्ष्याचे थवे माजले आणि त्यांनी लहान पक्ष्यांना हुसकावून लावलं. इतकं, की २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण कायद्याखाली या हुसकावण्याची गंभीर धोक्यांत अधिकृत नोंद झाली. एक पक्षी माणसानं बोटीतून आणला, दुसऱ्यासाठी माणसानं रान मोकळं करून दिलं. जन्मदाखला कुठलाही असो, आधी हात माणसाचाच लागला. याचा अर्थ साळुंकी निर्दोष ठरते असा नव्हे. ढोली बळकावली की रोझेलासारख्या स्थानिक पोपटाचं घर जातंच. पण दोष पक्ष्याच्या कुळावर ढकलला की ढोलीची जुनी झाडं का तोडली, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. दोन वर्षांच्या मुक्कामात एवढा विचार कशाला? आला प्राणी, काढला फोटो, विषय संपला. पण तात्पुरता राहणाराही त्या मांडणीत रोज काहीतरी घालत असतो, आणि बहुधा मूठभर दाणेच घालतो. आपल्याकडे पाखरांना दाणे टाकणं हे पुण्याचं काम. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला केवढा वाद पेटला, तो श्रद्धेचा आणि श्वसनाच्या आजारांचा होता. पण त्यानं एक गोष्ट उघड केली, की दाण्यांची रास हीसुद्धा एक व्यवस्था असते आणि तिच्याभोवती कबुतरांची वसाहत उभी राहते. सिडनीच्या बाल्कनीत रोज ठेवलेला पाव तेच करतो. भाडेकरू निघून जातो, आणि पावाला सोकावलेला काकाकुवा पुढच्या भाडेकरूच्या खिडकीची लाकडी चौकट कुरतडतो. तात्पुरतेपणा माणसाच्या व्हिसात असतो; पक्ष्याला लागलेल्या सवयीला मुदत नसते.

म्हणून परक्या शहरात उतरल्यावर पक्ष्यांच्या ओळखीचं पुस्तक घ्यावं, पण त्याआधी चार साधे प्रश्न विचारावेत: कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, कशाला हात लावायची मनाई आहे, कुठल्या झाडाखालून सप्टेंबरात जायचं नाही, आणि इथं पूर्वी काय होतं? उत्तरं बहुधा शेजाऱ्याकडेच मिळतात. काकाकुव्यांमुळे सिडनीकरांनी डब्याच्या झाकणावर वीट ठेवायला सुरुवात केली. पक्षी वीट ढकलायला शिकले, तेव्हा कुणी ती बांधून टाकली, कुणी बिजागरीत काठी खोचली, कुणी जुना बूट. संशोधकांनी याचीही मोजदाद केली, तर दिसलं, की एका गल्लीतले उपाय सारखे असतात. पक्ष्यांसारखीच माणसंही शेजाऱ्याचं पाहून शिकत होती. नवा भाडेकरू पहिल्या आठवड्यात कचरा रस्त्यावर सांडलेला पाहून चक्रावतो. दुसऱ्या आठवड्यात तो समोरच्या डब्यावरची वीट पाहतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या डब्यावरही वीट असते, आणि समोरच्या तारेवर बसलेला काकाकुवा मान वाकडी करून ती निरखत असतो.