केरळ पासिंग

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. त्या दिवशी रथाचे दर्शन झाले की मी गावाबाहेर लावलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत फिरतो. सातारची एमएच-11 आणि सांगलीची एमएच-10 असणारच, पण त्यांच्या रांगेत तमिळनाडूची टीएन, केरळची केएल, बंगालची डब्ल्यूबी, आंध्रची एपी अशाही पाट्या दिसतात. या गाड्यांतून उतरणारी माणसे परकी नसतात. ती माण, खटाव, आटपाडी, खानापूर इथलीच, गलाईवाल्यांच्या घरची असतात.

गलाई म्हणजे जुने दागिने आणि सराफाच्या दुकानातली झाडलोट वितळवून त्यातले सोने-चांदी शुद्ध करून काढण्याचा धंदा. इथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो, तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. अशा मुलखातली माणसे भट्टी आणि मूस घेऊन जिथे सराफपेठ असेल तिथे गेली. विट्यापासून म्हसवडपर्यंतच्या गावागावांत एखादा तरी उंबरा असा सापडेल, ज्याची कमाई कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता किंवा हैदराबादेतून आली. कोणत्या घराने कुठे पोट भरले याची नोंद कुठल्या दप्तरात नीट सापडणार नाही, पण गाड्यांच्या पाट्यांवर ती वाचता येते.

आमच्या मामांची यामाहा आरएक्स 100 ही अशीच एक. 1991 साली त्यांनी ती त्रिशूरला नवी घेतली. पाटी केएल-8, म्हणजे त्रिशूर जिल्ह्याची. त्या वेळी एस्कॉर्ट्स कंपनी यामाहाच्या सहकार्याने ही गाडी भारतात बनवत होती. 1985 च्या अखेरीस ती बाजारात आली आणि 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, 11 अश्वशक्ती आणि वजनाला हलकी. पेट्रोलची टाकी वेगळी, ऑइलची वेगळी. दोन्हींचे मिश्रण गाडीच करून घ्यायची, त्यामुळे ऑइल संपल्याचे लक्षात आले नाही तर इंजिन धरायचे. मामांनी पस्तीस वर्षांत एकदाही ऑइल संपू दिले नाही. माझ्या लेखी हाच त्या गाडीचा सर्वांत मोठा दाखला.

1999 मध्ये मामांनी दुकान मुलाच्या स्वाधीन केले आणि गाडी रेल्वे पार्सलने मिरजेला आणली. टाकीच्या खालच्या अंगाला आणि मडगार्डच्या कडेला केरळच्या पावसाचा गंज होता. माणच्या कोरड्या हवेत तो पुढे वाढला नाही. नोंदणीचे काम मात्र मागे पडले. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कलम 48 प्रमाणे मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ती एनओसी, लागते. मामांनी सात वर्षे हे टाळले. आपल्याकडे बहुतेक जण टाळतात, कारण काम अवघड नसले तरी लांबचे असते. पुढे 2006 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे संपली तेव्हा दुसरा मार्ग उरला नाही. एका एजंटाला कागद दिले, त्याने फाइल हरवली. अखेर मामा स्वतः आगगाडीने त्रिशूरला गेले, कर भरल्याच्या पावत्या दाखवल्या, एनओसी घेतली आणि साताऱ्यात गाडीला एमएच-11 चा क्रमांक मिळाला. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण सुरू झाले.

मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गुडघ्याने किक मारवत नाही आणि या गाडीला बटणाचा स्टार्टर नाही. यंदा उन्हाळ्यात त्यांनी गाडी विकायची ठरवली.

आटपाडीकडचा एक तरुण बघायला आला. आमच्या भागात जनावर बघायची रीत आहे. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलाचे आधी दात बघतात, मग खूर, मग चाल. बोली रुमालाखाली बोटे धरून होते. या पोराने तसेच केले. आधी चॅसिसवर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतली, आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून पाहिली, मग इंजिन नंबर बघितला. किक त्याने सर्वांत शेवटी मारली. मला हा क्रम फार आवडला. आरएक्स 100 ला आज इतकी मागणी आहे, की मोडक्या गाडीच्या बुकावर दुसरीच गाडी खपवण्याचे प्रकार होतात. आवाजावर भुलणारा गिऱ्हाईक तिथेच फसतो.

"मामा, बुकात जुना नंबर केरळचा दिसतोय. पासिंग केरळचं व्हतं?"

"व्हतं. एनओसी हाय, पावत्या हायेत. समदं बघ आन् मग बोल."

जुनी पाटी बदललेली गाडी म्हटले की गिऱ्हाईक दचकते, आणि ते बरोबरही आहे. परराज्यातून आलेल्या गाडीत चोरीची शंका असते, थकलेल्या कराची असते, न फेडलेल्या कर्जाचीही असते. मामांनी पिशवीतून 1991 चे मूळ बिल, एनओसीची प्रत आणि साताऱ्यातल्या पावत्या तारखेच्या क्रमाने काढून ठेवल्या. सोन्याचा कस लावत आयुष्य काढलेला माणूस गाडीचाही कस कागदावर लावून देत होता. तिथून भाव खाली आला नाही.

अडले ते पुढे. पोरगा म्हणाला, फॉर्मवर सह्या करून द्या, नावावर मी सावकाश करून घेतो. मामांनी साफ नाही म्हटले. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या दुचाक्या कोऱ्या सह्यांवरच हात बदलतात. फॉर्म 29 विकणाऱ्याने गाडी दिल्याची खबर देण्यासाठी आणि फॉर्म 30 नाव बदलून मागण्यासाठी असतो. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. या मुदती पाळल्या नाहीत तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात स्पष्ट आहे. मूळ मालकाने गाडी 2007 मध्ये विकली होती, पुढे ती हातोहात फिरली आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. आरटीओच्या नोंदीत नाव मूळ मालकाचेच होते. न्यायालयाने सांगितले, ज्याच्या नावावर नोंद तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत किती दारे हिंडायची, हा त्यामागचा विचार मला न्याय्य वाटतो. पण म्हणूनच कोरी सही म्हणजे वर्षानुवर्षे उघडे राहिलेले देणे.

शेवटी दोघे मिळून कार्यालयात गेले, नाव बदलले आणि मगच मामांनी किल्ली दिली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सतत बदली होणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये बीएच मालिका आणली. ती पाटी असली की राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. ही सोय सैनिकांना, केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना, सार्वजनिक उपक्रमांतल्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना आहे. माणदेशातून फौजेत गेलेल्या पोराला ती मिळते, हे योग्यच. पण त्याच घरातला दुसरा भाऊ त्रिशूरला गलाईच्या दुकानात बसत असेल, तर त्याला ती मिळत नाही. त्याचे दुकान एक, राज्य एक, आणि तो नोकरही नाही. पिढ्यान्‌पिढ्या परराज्यात राबणारा हा छोटा धंदेवाला त्या नियमात कुठेच बसत नाही. स्वतःच्या नावावर परवाना असलेल्या आणि परराज्यात राहणाऱ्या अशा व्यावसायिकांना बीएच मालिका खुली करावी, ही मागणी आपल्या भागातल्या गलाई संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

यंदाच्या दिवाळीला आणि पुढे रथाला गलाईवाले गावी येतील. ज्यांच्या गोठ्यात किंवा पडवीत परराज्यातली जुनी गाडी उभी आहे, त्यांनी एवढे करावे. आरसी बुक काढून नोंदणीची तारीख बघावी. एनओसी घेतली नसेल तर परत जाताना त्या गावच्या कार्यालयात अर्ज द्यावा. तीस दिवसांत होकार किंवा नकार कळवण्याचे बंधन कायद्याने त्यांच्यावर घातले आहे. गाडी विकायची असेल तर घेणाऱ्याला बरोबर घेऊन आरटीओत जावे आणि कोऱ्या फॉर्मवर सही कुणालाही देऊ नये, अगदी पाहुण्यालाही.