जाकीट आधी, छायाचित्र नंतर!

बोदलकसा (ता. तिरोडा) : येथील जलाशयाच्या काठावरून सागरी क्रूझची स्वप्ने पाहणाऱ्यांनी अनुभवी प्रवाशांचे काही नियम ध्यानात ठेवावेत. हेलकाव्यांचा त्रास होत असल्यास जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी. विदर्भातून जाणाऱ्यांनी मुंबई एक दिवस आधीच गाठावी. रेल्वेला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. औषधे व कागदपत्रे हातातील पिशवीतच असावीत.

सर्वांत महत्त्वाची सुरक्षा कवायत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. ती चुकवू नये. तलाव असो वा समुद्र, पाणी सारखेच!