कागदावरचा पोशाख अंगावर येईपर्यंत

‘मला फॅशन डिझायनर व्हायचंय,’ असं राजगुरुनगरातल्या एखाद्या घरात मुलीनं जाहीर केलं, की पालकांच्या डोळ्यांपुढे आधी मिलानचा रॅम्प येतो आणि लगोलग फीचा आकडा. मधली वाट मात्र कुणी समजावून सांगत नाही. ती आपण क्रमानं पाहू. सोबतीला कोल्हापूरच्या भानू अथैया घेऊ. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि तेही कपड्यांसाठी.

सुरुवात चित्रकलेपासून. भानूताई माहेरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार होते, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात झालं. म्हणून शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आपण ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून सोडून देऊ नयेत. नेहमीची चूक अशी, की मुलं चेहरा सुंदर काढतात, पण झग्याची पाठ काढत नाहीत. त्यात शिरायचं कुठून, चेन मागे की बगलेत, याचा चित्रात पत्ताच नसतो.

त्यानंतर हात कापडाला लागला पाहिजे. बहुतेकांचं गाडं अडतं ते इथेच. आपल्या ओळखीच्या टेलरकडे सुट्टीत बसायची परवानगी मागा. आधी पॅटर्न शिका, म्हणजे मापानुसार कापलेले कागदी भाग. ते कागद मांजरपाटावर ठेवून कच्चा नमुना शिवा आणि कुणाच्या तरी अंगावर घालून बघा. मोंढा काचतो, गळा उघडा पडतो, हात वर केला की कंबर वर चढते. हे सगळं मांजरपाटावर कळलेलं बरं, रेशमावर नव्हे! शिवणीत माया सोडायला विसरलात, तर उसवून वाढवायला कापडच उरत नाही. उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेलं कापड, लगेच शिवू नका. एक रात्र टांगून ठेवा. नाहीतर शिवल्यावर ते आपल्याच वजनानं खाली उतरतं आणि घेर वाकडा होतो.

चाकणच्या कारखान्यांतल्यासारखे गणवेश शिवायला मिळाले तर नाक मुरडू नका. एकाच पॅटर्नची लहान-मोठी मापं काढणं, म्हणजे ग्रेडिंग, त्यातच पक्कं होतं. इटलीचे नामवंत डिझायनर जॉर्जो अर्मानी यांनीही विमान कंपनीचे गणवेश केले होते.

प्रवेशाचं म्हणाल तर बारावीनंतर ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेची परीक्षा असते, मुंबईचं केंद्र खारघरला आहे. निवडीच्या एका फेरीत दिलेल्या सामानातून वस्तू घडवायची असते. फक्त चित्रांचा सराव केलेली मुलं तिथे गडबडतात.

पहिली नोकरी क्वचितच मनासारखी मिळते. अर्मानी वैद्यकीय शिक्षण सोडून मिलानच्या ‘ला रिनाशेंते’ या मोठ्या दुकानात लागले, तिथे काचेच्या दर्शनी खिडक्या सजवत. स्वतःची कंपनी निघाली थेट १९७५ मध्ये. भानूताई ‘ईव्ह्ज वीकली’ या साप्ताहिकासाठी फॅशनची चित्रं काढत. त्याच्या संपादिकेनं बुटिक काढलं, तेव्हा त्यांना कपडे करून बघायला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून नट्या आल्या आणि तिथून सिनेमा.

सिनेमातली अडचण वेगळी. ‘ब्रह्मचारी’त (१९६८) मुमताजला साडी नेसून धडाक्यानं नाचायचं होतं. नेसलेली साडी तेवढ्यात सुटली असती. म्हणून भानूताईंनी ती नारिंगी साडी शिवूनच टाकली आणि तिला चेन लावली. ड्रेपिंग म्हणजे कापड अंगावर चोपून बसवणं. आपल्या नऊवारी नेसणाऱ्या आज्यांना ते शिकवावं लागत नाही. पण अंग हलल्यावरही ते बसलेलं राहावं, इथे खरी परीक्षा.

मग येतो अभ्यास. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं पाहिली. ‘गांधी’साठी एकाच माणसाला १८९३ च्या सुटाबुटातून १९४८ च्या पंचापर्यंत न्यायचं होतं. कुठलं वस्त्र कुठल्या वर्षी गळून पडलं, हे ठाऊक असल्याशिवाय कात्री लावता येत नाही. याच चित्रपटासाठीचं १९८३ चं ते ऑस्कर सहकारी वेशभूषाकार जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळालं. ही गोष्ट आपल्याकडे बरेचदा गाळली जाते. एवढं काम एकट्याचं नसतंच.

ऑस्करनंतरही त्यांचं काम थांबलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ‘लगान’ (२००१) केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिथेही साल १८९३ च, फक्त या खेपेला सूट नव्हता. अख्ख्या चंपानेर गावाला धोतरं, पागोटी आणि घागरे पुरवायचे होते.