आनीचें राज्य

नोहाचें तारूं अराराताच्या डोंगरांवर टेकल्याचें आपण उत्पत्तीच्या पुस्तकांत वाचतों. त्याच प्रदेशांतील आर्मेनियन लोकांच्या राजानें चौथ्या शतकाच्या आरंभीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु सन ४२८ मध्यें ती गादी बुडाली. पुढें पश्चिमेस कॉन्स्टॅन्टिनोपलचा बादशहा, दक्षिणेस अरबांचा खलीफ, आणि या दोघांच्या कचाट्यांत हा डोंगराळ देश, अशी स्थिति झाली.

सन ८८५ च्या सुमारास बाग्रातुनी घराण्यांतील आशोत सिंहासनावर बसला, तेव्हां खलीफानें त्यास मुकुट पाठविला, व बादशहानेंही पाठविला. यांत स्नेह थोडा. शत्रूच्या व आपल्या मध्यें एक भिंत असावी, हीच उभयतांची इच्छा.

सन ९६१ मध्यें तिसऱ्या आशोतानें राजधानी आनी येथें नेली. दोन बाजूंस खोल दऱ्या, उत्तरेस भक्कम तट, आणि वेशींतून जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे. नगर लवकरच भरभराटीस आलें. तेथील मुख्य ख्रिस्तमंदिर त्रदात नांवाच्या शिल्पज्ञानें सन १००१ मध्यें पुरें केलें. त्याची कीर्ति एवढी, कीं ९८९ च्या भूकंपानें कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट ढासळला, तेव्हां तो सांधण्याचें काम याच परक्या गृहस्थावर सोपविण्यांत आलें!

अशा राज्याचा घात तलवारीपेक्षां कागदानें अधिक केला. पहिल्या गागिकाच्या मागें त्याचे दोन पुत्र भांडूं लागले. थोरला होव्हान्नेस-स्म्बात यानें जॉर्जियाच्या राजाचा पक्ष घेतला होता. बादशहा दुसरा बासिल चालून येतांच तो घाबरला, व आपल्या पश्चात् राज्य बादशहाचें व्हावें, असा लेख त्यानें १०२२ मध्यें करून दिला. तो लेख घेऊन गेले कोण, तर आर्मेनियन मंडळीचे मुख्य धर्माध्यक्ष पेत्रोस!

पुढें सरदारांनीं त्याचा तरुण पुतण्या दुसरा गागिक यास गादीवर बसविलें व बादशाही सैन्य परतविलें. मग बादशहानें सलोख्याच्या मिषानें त्यास कॉन्स्टॅन्टिनोपलला बोलावून तेथेंच अडकविलें. १०४५ मध्यें आनी स्वाधीन झाली. सन ४५१ च्या खाल्केदोन परिषदेचा निर्णय आर्मेनियन मंडळीस अमान्य, म्हणून ग्रीक त्यांना पाखंडी मानीत. बंधूचें घर लुटण्यास एवढा मतभेद पुरे होता काय?

ज्या भिंतीसाठीं एकदां दोन मुकुट आले होते, ती बादशहानेंच पाडली. अवघ्या एकोणीस वर्षांनीं, १०६४ मध्यें, सेल्जुक सुलतान आल्प अर्सलान यानें आनी घेतली. १३१९ च्या भूकंपांत मंदिराचा घुमट कोसळला. आज तें तुर्कस्थानच्या सरहद्दीवर घुमटावांचून उभें आहे. खालच्या दरींतील आखुरियन नदीपलीकडे आर्मेनिया.