कुसळ आणि अंटार्क्टिका

अंटार्क्टिकाहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, थंडी किती होती? खरं तर विचारायला हवं, जहाजावर माणसं किती होती? कारण तिथं एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरवता येतात. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरता येत नाही. बर्फ डेकवरूनच पाहायचा. तेव्हा पैसे भरण्याआधी हा आकडा विचारा.

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून आम्ही निघालो. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला दोन दिवस. ते मी आडवाच होतो, अधिक न बोललेलं बरं! उतरण्याआधी तपासणी झाली: बूट, खिसे, पिशव्या. माझ्या सॅकच्या वेल्क्रोत कुसळ निघालं, सह्याद्रीतल्या कुठल्याशा ट्रेकमधलं. चिमट्यानं काढलं. मला हसू आलं. तपासणाऱ्या बाईंना नाही. अंटार्क्टिकात मूळच्या सपुष्प वनस्पती दोनच, आणि किंग जॉर्ज बेटावर युरोपातल्या एका साध्या गवतानं माणसांबरोबर येऊन मूळ धरलेलं आहे.

बर्ड फ्लू तिथवर पोहोचल्यापासून जमिनीवर बसायलाही मनाई आहे. तासभर उभाच होतो. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं, हा नियम. पेंग्विनला तो कुणी सांगितला नसावा. एक जण थेट माझ्या बुटांशी येऊन उभा राहिला.