यात्रेतला पाळणा आणि आपला हजेरीपट

‘माझ्या गावची यात्रा’ हा निबंध आपण तिसरी-चौथीला दरवर्षी घेतो. मुलं भरभरून लिहितात. पाळण्यात बसलो, गोडीशेव घेतली, फुगे फोडले, लय मजा आली. पण पाळणा फिरवणारा माणूस बहुतेक वह्यांत नसतोच. आज त्याच्या कामाबद्दल थोडं समजून घेऊ. वर्गात सांगायला उपयोगी पडेल, आणि पुढे आपल्या हजेरीपटाशीही त्याचा संबंध येतो.

आपल्या खान्देशात यात्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथोत्सव. दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांच्या बाजारासाठी देशभर माहीत असलेली (सारंगखेडा आता नंदुरबार जिल्ह्यात, १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं). महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगर-चांगदेव, चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा. मधे मधे गावोगावच्या लहान यात्रा. पाळणेवाल्यांचं वर्ष या साखळीवर चालतं. इथला खेळ उतरवायचा, ट्रकमध्ये भरायचा, पुढच्या गावी पुन्हा उभा करायचा.

आणि उभा करणं हेच सगळ्यात अवघड काम. आपल्याला दिसतो तो दिव्यांनी झगमगणारा आकाशपाळणा. गावात येतो तेव्हा तो लोखंडाचे तुकडे असतो. नदीचं पात्र असलं तर खाली वाळू. वाळूवर सगळा भार एका जागी आला की ती दबते, म्हणून लाकडाचे जाड ठोकळे आणि फळ्या पसरून भार वाटून द्यावा लागतो. पाया एका बाजूला जरा जरी कलला तरी वरचं चाक झुकतं. मग खांब, आस, आरे आणि सगळ्यात शेवटी पाळणे. नटबोल्ट आवळायला माणूस वर चढतो तो बऱ्याचदा अनवाणी. कमरेला पट्टा असायला पाहिजे, पण सगळीकडे तो दिसत नाही.

पाळणेवाला माणसं कशी बसवतो हे कधी नीट पाहिलंय का? तो ओळीने पाळणे भरत नाही. एक भरला की चाक अर्धं फिरवतो आणि समोरचा भरतो. आपण रांगेत वैतागतो, “काय भो, इथलाच रिकामा आहे ना!” पण एकाच बाजूला वजन झालं तर मोटारीवर आणि ब्रेकवर ताण येतो, चाक झटके देत फिरतं. हे वर्गात दाखवणं एकदम सोपं आहे. सायकल उलटी उभी करा आणि मागचं नाही, पुढचं चाक घ्या. एकाच बाजूला कपड्यांचे चार चिमटे लावून हळू फिरवा. जड बाजू खाली येऊनच थांबेल. आता दोन चिमटे समोर लावा. तोल हा शब्द समजवायला याहून बरं साधन मला तरी सापडलेलं नाही.

मौत का कुआँचंही तसंच. मुलांना वाटतं गाडीत काहीतरी जादू आहे. जादू नाही. गाडी गोल फिरते कारण भिंत तिला सतत आत ढकलत असते. वेग जितका जास्त तितका टायर भिंतीवर घट्ट दाबला जातो, आणि त्या दाबामुळे मिळणारं घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. वेग कमी झाला की पकड सुटते. म्हणजे लोकांच्या हातातली नोट घेताना त्या माणसाने वेग सोडायचा नसतो. टाळ्या आपण धाडसाला वाजवतो, पण तो रोज संध्याकाळी तेच काम पुन्हा पुन्हा करत असतो.

धंदा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. दिवसा दुरुस्ती, डिझेल, पाणी. झोप खेळाच्याच शेजारी, ताडपत्रीखाली. दारू पिऊन आलेल्याला नाही म्हणायचं, फार लहान पोराला बसवायचं नाही म्हणून त्याच्या बापाशी वाद घालायचा, आणि हे करताना नजर चाकावर, कान आवाजावर. जागेचे पैसे आधीच भरलेले असतात. ऐन यात्रेत अवकाळी पाऊस आला तर ते परत मिळत नाहीत. तमाशाच्या फडांचंही गणित असंच, दसऱ्याला बाहेर पडायचं आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास घरी यायचं.

आता हजेरीपटाकडे येऊ. कार्तिक ते वैशाख म्हणजे जवळजवळ आपलं दुसरं सत्र! पावसाळ्यात हे कुटुंब घरी असतं, मूल जूनमध्ये शाळेत येतं, पहिल्या सत्राची चाचणी देतं आणि दिवाळीनंतर दिसेनासं होतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांबाबतीत हे आपल्याला माहीत आहे, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय तरी आहे. पण ती गावातून बरीच कुटुंबं जातात म्हणून चालते. पाळण्यावर जाणारं घर गावात एखादंच, आणि ते एका जागी आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहत नाही. त्यामुळे हे मूल कोणाच्याच यादीत नीट बसत नाही.

कायदा मात्र त्याच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात मदतीची मुभा दिली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि काम धोक्याचं नसेल तर. चालत्या चाकाजवळ उभं राहणं बिनधोक आहे असं कोण म्हणेल? कलाकार म्हणून काम करायला याच कायद्यात सूट आहे, पण त्यातूनही सर्कस वगळलेली आहे.

प्रत्यक्षात दोन शाळांनी हात लावला तर बरंच होतं. मूळ गावच्या शिक्षकांनी दिवाळीआधी पालकांचा फोन नंबर आणि यात्रांचा क्रम लिहून घ्यावा, शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्यावं, मूल कुठपर्यंत वाचतं ते त्यावर स्पष्ट लिहावं. “सतत गैरहजर” एवढा शेरा पुढच्या शिक्षकाला काहीच सांगत नाही. यात्रा भरणाऱ्या गावच्या शिक्षकांनी मैदानावर एक चक्कर मारावी, सकाळी, खेळ बंद असताना. आई-वडील तेव्हा बोलायला मोकळे असतात. आठच दिवस असलं तरी मुलाला वर्गात बसवून घ्या. कार्डावर तारखा आणि काय शिकवलं ते दोन ओळींत लिहा.

अमळनेरच्या यात्रेच्या वेळी बहुतेक उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते. पण सारंगखेड्याची यात्रा डिसेंबरच्या आसपास येते, तेव्हा शाळा चालू असतात आणि पाळणे आठवडाभर तरी एकाच मैदानावर असतात.